तिरकी नजर

एका राज्यात, राजधानीपासून सात कोस आत, सरदार जैताजीची बागायत होती. जैताजी दीडशे वर्षांचा, पण दाढीत एक पांढरा केस नाही. जादूगार होता मेला.

त्याने भानजी चिताऱ्याला वाड्याची भिंत रंगवायला बोलावलं. सोबत लेक तानू, रंग घोटायला. चिताऱ्यांची रीत अशी, की चित्राचे डोळे शेवटी काढायचे आणि काढताना समोर आरसा धरायचा. चित्राची पहिली नजर आरशावर पडावी, माणसावर नको.

"तीन चित्रं काढ," जैताजी म्हणाला. "पहिलं माळणीचं. आरसा नको."

"रीत आहे, सरकार."

"रीत तुझ्या घरी."

भानजी गप्प बसला. पोटासाठी गप्प बसणारे मला आवडत नाहीत, पण बसला. डोळे काढले आणि समोर उभी माळीण भिंतीत ओढली गेली. खाली नुसत्या वहाणा राहिल्या. तिची उरलेली वर्षं जैताजीच्या अंगात गेली, गाल लाल झाले.

"दुसरं तुझ्या लेकीचं."

शिपायांनी तानूला धरून उभं केलं. भानजीने चित्र काढलं, डोळे कोरे ठेवले. "डोळे नाही काढणार. माझी मान उतरवा."

"तुझी मान काय करू, म्हाताऱ्या? वर्षं हिच्यात आहेत." जैताजीने काजळीत अंगठा बुडवला आणि चित्रात डोळ्यांच्या जागी दोन डाग उमटवले. तानू "बाबा" एवढंच म्हणाली. गेली.

जैताजीची सगळी जादू पाहिलेली, वाड्यातल्या पिंजऱ्यातली साळुंकी हळूच बोलली, "रडू नकोस भानजी. हा भिंतीत गेला, की बाकीचे बाहेर येतील."

तिसरं चित्र जैताजीचं स्वतःचं. आता मात्र त्याला आरसा आठवला! पुरुषभर उंच आरसा समोर लावला आणि आपण लांब, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला.

एकवीस दिवस गेले. भानजीने डोळे काढले.

"अरे, हा समोर बघत नाही!"

"नाही, सरकार. खिडकीकडे बघतो."

खुर्ची रिकामी झाली.

माळीण बाहेर आली, आधी वहाणा शोधल्या. मग तानू आली. डोळ्यांच्या जागी अंगठ्याचे दोन काळे डाग.

"बाबा, दिवा लावा ना."

बाहेर लख्ख ऊन होतं. भानजीने तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवला.

राजाने बागायत माळ्यांना वाटून दिली. त्यांनी भिंतीतल्या जैताजीवर चुना फासला. डोळ्यांवर तो अजून धरत नाही. साळुंकी पिंजऱ्यातून सुटली, आणि त्या मुलखात आता कुणी चितारी आरशाशिवाय रंग भिजवत नाही. एवढं शहाणपण आलं. तानूचे डोळे काही आले नाहीत.