समुद्रातला नांगर

"ज्याच्या घरी नांगर, त्याने दिवाळीला खंडीभर भात वाड्यावर आणून घालावा!" शंखगडच्या राजाचा असा हुकूम सुटला आणि पोशा तांडेलाची झोप उडाली. त्याच्याकडे ना शेत, ना बैल. होतं एक गलबत. पण गलबताला नांगर होता, आणि तो राजाच्या कारभाऱ्याने नेमका हेरला होता.

"अहो, हा पाण्यात टाकायचा नांगर! गलबत वाहून जाऊ नये म्हणून!" तांडेल काकुळतीला आला.

"नांगर तो नांगर!" कारभारी म्हणाला. "भात नसेल, तर गलबत जप्त!"

तांडेलाची सून चांगुणा अंगणात मासे वाळत घालत होती. तिने हात पुसले, पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

राजाने तिचं ऐकून घेतलं. पण गडी हट्टी! सोडलेला हुकूम मागे घेणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"मग दुसरं नाव ठेवा त्याला," तो गुरगुरला. "म्हणा, गलबत अडकवायचा लोखंडी आकडा!"

"म्हणू की, महाराज! पण वादळात गलबत खडकाकडे ओढलं जातं, तेव्हा मामंजी 'नांगर!' एवढंच ओरडतात, आणि खलाशी तो टाकून मोकळे होतात. 'गलबत अडकवायचा लोखंडी' म्हणेपर्यंत अडकवायला गलबत उरायचं नाही!"

दरबारात खसखस पिकली. राजाने हसू मिशीआड दाबलं.

"बरं, शब्द राहू दे. पण भात द्यावाच लागेल!"

"देऊ. मग जिथे आमचा नांगर पडतो, ते शेतही आमचंच ना, महाराज?"

"अर्थात! तुमचंच."

"आणि आमच्या शेतात कुणाची गुरं घुसली, तर?"

"गुरं कोंडवाड्यात! मालकाला दंड!"

"आमचा नांगर बंदरात पडतो, महाराज. आणि तुमची सगळी गलबतं सकाळपासून तिथेच घुसून उभी आहेत. कोंडवाडा कुठे बांधू, तेवढं सांगा!"

राजा पोट धरधरून हसला. "अगं, माझं आरमारच कोंडायला निघालीस की! जा, भात माफ! गलबताला कोरं शीड आणि तुला जरीचं लुगडं. आणि कारभारी, तुम्ही महिनाभर हिच्या सासऱ्याच्या गलबतावर जा. खलाशांची भाषा शिकून या!"

कारभाऱ्याला तिथे दरबारातच बोट लागली!