चष्म्याची काच

बुधवार होता. कड्याच्या जैन स्थानकातलं सकाळचं प्रवचन संपलं होतं. बायका आसनं झटकून घरी निघाल्या होत्या, तेवढ्यात गावी आलेल्या ललित मुथाला फोनवर बातमी कळली.

“मग ती मुलगी गेली कशानं?” महासती सुप्रभाजींनी विचारलं.

“धातूच्या तुकड्यानं. करंगळीएवढ्या.”

लहानपणी एका चातुर्मासात ललित त्यांच्याकडे शिकला होता. आता परदेशात आंतरराष्ट्रीय कायद्याचा नामांकित वकील होता. एक सरकार त्याचं पक्षकार होतं. त्या सरकारनं काही वर्षांपूर्वी क्षेपणास्त्र सोडून स्वतःचाच जुना उपग्रह फोडून दाखवला होता. तुकडे अजून पृथ्वीभोवती फिरत होते. यानाबाहेर काम करणाऱ्या दुसऱ्या देशाच्या अंतराळवीर मुलीला त्यातला एक लागला.

“दुपारपर्यंत त्यांना माझं लेखी मत हवंय.”

“काय देणार?”

“जबाबदारी येत नाही.” त्याचा आवाज चढला. “नुकसान जमिनीवर झालं असतं तर गोष्ट वेगळी. वर झालं, की चूक सिद्ध करावी लागते. स्वतःचा उपग्रह फोडू नये, असं कुठल्याच करारात लिहिलेलं नाही. आणि तुकडा कोणाचा, हे बघायला वर कोण बसलंय?”

“तुला ठाऊक आहे?”

“आमचाच आहे. आमच्या रडारनं शेवटपर्यंत पाहिलाय. फक्त आमच्याच.”

“तुटला की मालकी सुटते?”

“नाही,” तो हळू म्हणाला. “करारात ते स्पष्ट आहे. तुकडे झाले तरी ज्याचं त्याचंच.”

“तिच्या घरी कोण?”

“वडील. टीव्हीवर म्हणाले, भरपाई नको. तुकडा कोणाचा होता, तेवढं सांगा.”

महासतीजींनी भिक्षेच्या लाकडी पातऱ्यातून एक तडकलेली काच काढली.

“सकाळी माझ्या हातून चष्मा पडला. ही परठवायची आहे. जागा दाखव.”

साध्वींना काहीही भिरकावून देता येत नाही. कोणाला इजा होणार नाही अशी जागा आधी शोधायची. वस्तू तिथे अलगद ठेवायची. मग ‘वोसिरे’ म्हणून तिच्यावरचा हक्क सोडायचा. त्याला परठवणं म्हणतात.

ललित हसला. “एवढंच ना? त्या भिंतीपाशी ठेवा.”

त्या वाकल्या. “मुंग्या आहेत.”

“मग मागच्या बाजूला.”

“तिथे पोरं अनवाणी खेळतात.”

“कचऱ्याच्या गाडीत द्या.”

“त्या गाडीत हात कोण घालतं?”

“पुरून टाका मग!”

“साध्वीला जमीन खणून त्यातले जीव मारायला सांगतोस? परदेशात सगळंच विसरलास वाटतं.”

तो ओशाळला. साध्वींपाशी चालत नाही म्हणून बाहेर खिडकीत ठेवलेला त्याचा फोन थरथरू लागला. त्यानं तिकडे पाहिलं. उठला नाही.

“द्या इकडे. मी टाकतो कुठेतरी.”

“तू टाकलीस की माझी उरणार नाही?”

फोन थांबला.

महासतीजींनी काच फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि झोळीत ठेवली.

“उद्या आष्टीला विहार आहे,” त्या म्हणाल्या.

“ही फुटकी काच घेऊन चालत जाणार?”

“हो.”

“आणि तिथेही जागा मिळाली नाही तर?”

एखादा जीव चिरडू नये म्हणून त्यांनी रजोहरणाच्या लोकरी कुंच्यानं समोरची जमीन हलकेच पुंजली आणि खाली बसल्या.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी बराच वेळ.

“महाराज साहेब,” ललित म्हणाला, “मी सही केली नाही तर दुसरा कोणीतरी करेल. तासाभरात करेल. मग माझ्या नकाराला काय अर्थ?”

महासतीजींनी तोंडावरची मुहपत्ती सारखी केली.

“आणि खरं सांगितलं, तर मला पुन्हा कोणी वकील म्हणून उभं करणार नाही. आयुष्यभराचं काम आहे माझं…”

“ललित.”

“सांगा.”

“सही दुसरा करेल. पण तुकडा कोणाचा होता, हे तिच्या वडिलांना अजून कोणी सांगितलेलं नाही.”