पूजेतला लॅपटॉप

कुमुदताई सबनीसांना लॅपटॉप हवा होता तो वीजबिल भरायला, भजनी मंडळाची पत्रकं टाइप करायला आणि नागपूरच्या नातीचं तोंड मोबाइलवरच्यापेक्षा मोठं दिसावं म्हणून. पण मिरजेतल्या दुकानाचे मालक दिगंबरशेठ त्यांना तीस हजारांच्या लॅपटॉपला हातच लावू देईनात.

"ताई, हे खेळणं आहे. चार दिवसांत रडायला लागेल," असं म्हणत त्यांनी ऐंशी हजारांचा पुढे सरकवला. "यावर अख्खा सिनेमा बनवता येतो."

घरात सिनेमा कोण बनवणार, हे ताईंनी विचारलं नाही. त्यांची नजर गल्ल्याशेजारी गेली होती. तिथे त्या तीस हजारवाल्यासारखाच एक स्वस्तातला, जुना लॅपटॉप होता. त्यावर हळदकुंकवाची बोटं होती आणि कडेला सुकलेला झेंडू अडकला होता.

"दसऱ्याला याची पूजा केलीत वाटतं?"

"करणारच. आठ वर्षं अख्खं दुकान याच्यावर चाललंय. एकदाही रडला नाही," शेठ अभिमानाने म्हणाले.

"आणि या ऐंशी हजारवाल्याची?"

"त्याची कशाला? तो विकायचाय."

"मग मला पूजेतल्यासारखाच द्या," ताई पिशवीतून पाकीट काढत म्हणाल्या. "विकायचा तो दुसऱ्या कुणाला तरी विका."