चिचुंद्रीची रांग

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, उंबराच्या मुळाशी बीळ करून एक चिचुंद्री आपल्या चार पिल्लांसह राहत असे. मुलांनो, चिचुंद्रीला डोळ्यांनी फार कमी दिसतं. ती सगळं नाकाने ओळखते. म्हणून त्यांच्यात एक रीत आहे. बाहेर पडायचं म्हटलं, की थोरलं पिल्लू आईची शेपटी तोंडात धरतं, दुसरं थोरल्याची, तिसरं दुसऱ्याची, असं करत धाकट्यापर्यंत रांग लागते. मग आई चालेल तिकडे सगळी चालतात. कोणी हरवत नाही.

पण त्या आठवड्यात बाहेर पडायची सोयच नव्हती. पाऊस थांबायचं नावच घेईना. दारापुढचा ओहोळ फुगला होता, आणि शेजारच्या उंदराचं पोर मागच्या पावसाळ्यात त्याच ओहोळात वाहून गेलं होतं. चिचुंद्रीला रात्रंदिवस तेच दिसे. पोरं आत ठेवायची खरी, पण ठेवायची कशी? "आई, हा माझ्या कानात फुंकर मारतो!" "आई, हिनं माझा किडा खाल्ला!" "आई, मी नुसतं दारातून बघून येऊ? नुसतं नाक बाहेर काढतो!" हे धाकट्याचं सकाळपासून चाललं होतं. चिचुंद्री एकाला ओढून आत आणी, तोवर दुसरं दाराशी पोचलेलं असे.

शेवटी तिने दारातूनच बेडकाला विचारलं, "भाऊ, पोरांना घरात रमवायचं तरी कसं हो?"

"रमवायचं कशाला? गायला शिकव," बेडूक म्हणाला. तिने गायला लावलं. चार पिल्लांनी असं चिरचिरायला सुरुवात केली, की तिचंच डोकं उठलं. मग तिने मुळावरून चाललेल्या मुंगीला विचारलं. "कामाला लाव. रिकामं बसलं की असंच होतं," मुंगी न थांबता म्हणाली. तिने कोपऱ्यातला पाला आवरायला सांगितला, तर पिल्लांनी होता तोही उधळला. वरच्या ढोलीतल्या खारीने सांगितलं, "गोष्ट सांगून झोपव गं." चिचुंद्रीने गोष्ट सुरू केली, आणि गोष्टीत ओहोळ आल्याबरोबर ती स्वतःच घाबरून गप्प बसली. आता गाणं, काम आणि झोप तिन्ही एकदम सुरू झालं. थोरली काकुळतीला येऊन म्हणाली, "आई, एक काय ते सांग ना. पाला आवरत झोपू, की झोपेत गाऊ?"

"मलाच काही कळेनासं झालंय गं!" चिचुंद्री म्हणाली.

"मग रांग-रांग खेळू या!" धाकटा ओरडला. घरात रांग कुणी लावतं का? पण चिचुंद्री इतकी दमली होती, की हो म्हणाली. पिल्लांनी पटापट शेपट्या धरल्या आणि अंधाऱ्या बिळात सगळी गोल फिरू लागली. बीळ ते केवढंसं! एका वळणावर चिचुंद्रीच्या नाकाला समोरून धाकट्याचा वास आला. 'अगं बाई, हा माझ्या पुढे कसा गेला? निघाला वाटतं ओहोळाकडे!' तिने पुढे झेप घेतली आणि त्याची शेपटी घट्ट तोंडात धरली.

आता गंमत बघा. धाकट्याला वाटे, आई पुढे आहे, ती नेईल तिकडे जायचं. थोरलीलाही तेच वाटे. आणि आईला वाटे, धाकटा नेतोय, सोडला तर हातचा गेला. सगळी एकमेकांच्या मागे. पुढे कोणीच नाही. विचारायचं म्हटलं, तर प्रत्येकाच्या तोंडात शेपटी! फिरता फिरता पायांना गार लागलं. मग पोटांना लागलं. ओहोळाचं पाणी बिळात शिरलं होतं. प्रत्येकाने मनात म्हटलं, 'पुढचा बघेल.' आणि रांग फिरतच राहिली.

इतक्यात पाण्याबरोबर तरंगत बेडूक आत आला. त्याने डोळे मोठे केले. "अगं चिचुंद्रीताई, एवढी लगबगीने निघालीस कुठं?"

"धाकट्याच्या मागे!" चिचुंद्री म्हणाली. म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि शेपटी सुटली. ती जागीच थबकली. मागून थोरली तिच्यावर आदळली, थोरलीवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि तिसऱ्यावर आपटून धाकटा धपकन पाण्यात बसला.

"बाहेर ये, मस्त पाणी आहे!" बेडूक म्हणाला. "जाऊ नकोस, दार मातीने बुजव!" मुळावरून मुंगी ओरडली. चिचुंद्रीने दोघांचंही ऐकलं. मग तिने नाक वर केलं. मुळांच्या फटीतून कोरड्या पाल्याचा वास येत होता. वर कुठेतरी कोरडं होतं.

"धरा शेपट्या," ती म्हणाली. "आणि यावेळी मी पुढे."

फट अरुंद होती, मुळं निसरडी होती, पण रांग तुटली नाही. थोड्या वेळाने पाचही जणं खारीच्या ढोलीत चिंब भिजून, अंग चोरून बसली होती. खार कुरकुरली, पण सरकली. खाली त्यांच्या बिळाच्या जागी नुसतं पाणी दिसत होतं.

धाकटा आईच्या पोटाशी शिरला. "आई, आज मी सगळ्यांच्या पुढे होतो ना?"

"होतास रे राजा," चिचुंद्री त्याला चाटत म्हणाली, "आणि मी तुझ्या मागे. म्हणून तर आपण एवढं चाललो आणि कुठ्ठेच पोचलो नाही."

तात्पर्य : सल्ला चौघांचा ऐकावा, पण ज्याच्या मागे पिल्लं चालतात, त्याने भीतीपोटी दुसऱ्याची शेपटी धरू नये.