अनसाक्काची आमटी

टण्! टण्! पितळी वाटी फरशीवर आपटल्याचा तो आवाज मी फार पूर्वी ऐकला. अजून कानात आहे.

अनसाक्काच्या खाणावळीत आमटी आवडली नाही की लोक वाटी वाजवत. अंतोबा कारकुनाला ती नेहमी मिळमिळीत लागे. गुंडो तबलजीला तीच आमटी जहाल! तो तर वाटी तालात वाजवी. पानात डावीकडे मीठ असे, पण वरून मीठ घेणं म्हणजे स्वयंपाकिणीचा अपमान, असा तिथला रिवाज. म्हणून मिठाला कुणी हात लावत नसे. वाटी मात्र वाजवत! शिवाय अंतोबा जाताना दारात थांबून आणखी एक खोड काढायचाच.

हे भांडण दरबारात पोहोचलं. राजेसाहेब हट्टी. त्यांनी अनसाक्काला बोलावलं.

"उद्या मी पंगतीला बसणार. सगळ्यांना एकाच पातेल्यातली आमटी वाढायची. एक जरी वाटी वाजली, तरी खाणावळीला कुलूप!"

"आणि द्रोण लावले तर, सरकार?"

"पळवाट नको! वाट्याच हव्यात."

अनसाक्काला पुढेमागे कुणी नव्हतं. ती चूल हेच तिचं घर. तरी ती एवढंच म्हणाली, "या सरकार. भूक घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पानात डावीकडे मिठाचा ढीग, शेजारी मिरचीचा ठेचा, गुळाचा खडा, लिंबाची फोड. वाटीत वाफाळती आमटी. अंतोबाने भुरका मारला आणि वाटी उचलली.

"अक्का, ही तर अळणी! ना तिखट, ना गोड!"

"थांबा अंतोबा! आमटी अजून व्हायचीय. अर्धी मी केली, उरलेली ज्याची त्याने करायची. माझा अपमान होत नाही, घाला हवं ते! मग खुशाल वाजवा वाटी. ज्याची वाजेल, त्याला स्वयंपाक येत नाही असं समजू!"

पंगत हसली. माणसं ढवळायला लागली. तबलजीने गूळ विरघळवला, अंतोबाने ठेचा कालवला. राजेसाहेबांना धीर कुठला! त्यांनी सगळाच ठेचा वाटीत लोटला आणि भुरका मारला. कान लाल! डोळ्यांतून पाणी! हात वाटीकडे गेला, वाटी वर उचलली गेली...

"काय सरकार," अनसाक्का मायेने म्हणाली, "तक्रार कुणाची?"

राजेसाहेबांनी वाटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. वाटी हळूच, आवाज न करता खाली ठेवली.

"माझ्या उजव्या हाताची!" म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले. "अक्का, गूळ दे आधी! आणि जिंकलीस तू. आमटी वाढायला चांदीचा डाव देतो तुला."

"चांदीचा डाव चुलीपाशी हात पोळेल, सरकार. मला दरबारच्या रानातली पळसाची पानं द्या, कायमची."

"पानं? कशाला?"

"आता तरी द्रोण लावू का? ते वाजत नाहीत!"

राजेसाहेब पुन्हा हसले. पानं दिली, आणि डावही दिलाच.

पंगत उठली. अंतोबाने हात धुतले, पगडी सारखी केली आणि सवयीने दारात थांबला. अनसाक्का पदराला हात पुसत उभी राहिली.

"बोला अंतोबा, आज काय राहिलं?"

अंतोबाने तोंड उघडलं. आपल्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. तोंड मिटलं, वहाणा पायांत सरकवल्या आणि चालू लागला.