ठकू शिंपिणीचे तीन प्रश्न

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की वाकसळच्या वेशीवरच्या वडाला तेव्हा एकही पारंबी फुटली नव्हती आणि माणसं त्याला झाड न म्हणता रोपटं म्हणत. त्या वेळी गावात ठकू नावाची एक शिंपीण होती. ती नवं कापड कधी शिवायची नाही. आणा म्हणून कुणाला सांगायची नाही आणि कुणी आणायचंही नाही. जुनं तेवढं तिच्याकडे यायचं. विटलेलं, विरलेलं, कोपरावर फाटलेलं, उंदरानं कुरतडलेलं.

आणि त्या जुन्याचं ती काय काय करायची! आजोबाच्या धोतराचं झबलं, बापाच्या फेट्याचा लेकीला परकर, दोन फाटक्या लुगड्यांची मिळून एक धड चोळी. तुटल्या पोतीचे मणी ती बाळाच्या टोपड्याला लावायची. एकदा कुणाचा तरी म्हातारा बैल मेला, तेव्हा त्याच्या गळ्यातलं घुंगरू तिनं त्या घरातल्या रांगत्या पोरीच्या कुंचीला शिवलं. असं म्हणतात, की पोरगी विहिरीच्या बाजूला वळली की ते घुंगरू आपोआप वाजायला लागायचं आणि घर धावत यायचं. अंगणात दिवसभर ती कितीही नाचली, तरी मात्र ते चकार शब्द काढायचं नाही.

पण ठकूकडे कापड टाकून निघून जाता येत नसे. ती कापड मांडीवर घ्यायची, उलटं करायची, सुलटं करायची, नाकाशी न्यायची, आणि मग तीन प्रश्न विचारायची.

"कुनाचं? कवा घातलं? का टाकलं?"

खरं सांगितलं तर तो कपडा जन्मभर उसवायचा नाही. खोटं सांगितलं तर शिवण धरायची नाही, मग देवाचा दोरा घेऊन शिवा. खोतांच्या नानूनं एकदा आपला फेटा बंडी करायला आणला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, की यात्रेत कुस्ती मारली ती ह्याच फेट्यात. बंडी झाली. नानू ती घालून पुढच्या यात्रेला गेला, आखाड्याजवळ मिशीवर ताव देत उभा राहिला, आणि बंडी पाठीत वरपासून खालपर्यंत उसवली. तेव्हा लोकांना आठवलं, की त्या वर्षी नानू चीतपट झाला होता. पुढं कितीतरी दिवस नानू भिंतीला पाठ लावूनच बसत होता, असं म्हणतात.

लोक म्हणत, ठकूला नसत्या चौकशा फार. होत्याच. पण त्या चौकशांमागचं कारण गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ती माणसं गप्प होती.

ठकूची आई म्हाळसा. तीही शिंपीण, आणि तिच्या हाताला असं वळण होतं, की सात गावांची नवी कापडं तिच्या ओसरीवर पडलेली असत. काम पुरं झालं की शेवटच्या कोपऱ्यात ती तीन बारीक टाके घालायची, जवाच्या दाण्यासारखे, एकाशेजारी एक. ते टाके दिसले की बायका बघितल्याबरोबर ओळखत, हे म्हाळसाचं काम.

ठकू सात वर्षांची असताना मोकाश्यांच्या घरातून म्हाळसाकडे एक शेला आला. डाळिंबी रंगाचा, रेशमी. मोकाश्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि शेला जावयाला द्यायचा होता. कडा दुमडायच्या, गोंडे लावायचे, एवढंच काम. म्हाळसानं ते केलं आणि शेला नेऊन दिला. निदान ती तसं म्हणाली. मोकाश्यांच्या घरचे म्हणाले, शेला आलाच नाही. शिंपिणीनं दाबला.

म्हाळसानं देवावर हात ठेवून सांगितलं, गावासमोर ओरडून सांगितलं, रडून सांगितलं. एका बाईचं बोलणं आणि एका मोठ्या घराचं बोलणं, गावानं कुणाचं ऐकलं असेल ते वेगळं सांगायला नको. त्या दिवसापासून त्या ओसरीवर नवं कापड पडलं नाही. चोरायला कुणी द्यायचं? फाटकंतुटकं तेवढं लोक टाकत, कारण फाटकं कोण चोरणार. म्हाळसा त्या दुःखानं दोन वर्षांत गेली. जाताना लेकीला एवढंच म्हणाली, "शेला गेला कुटं, त्येवढं बग."

तेव्हापासून ठकू बघत होती. हातात येणाऱ्या प्रत्येक चिंधीला ती जे विचारायची, ते त्या एका कापडासाठी विचारायची. केस पांढरे झाले, सुईत दोरा ओवायला शेजारणीचे डोळे लागू लागले, पण विचारणं थांबलं नाही. शेला सापडावा आणि आईचं नाव धुऊन निघावं, याशिवाय तिला जगात दुसरं काही नको होतं.

मोकाश्यांच्या घरातून मात्र एक चिंधीसुद्धा तिच्याकडे कधी आली नाही. आली ती थेट पन्नास वर्षांनी, आणि तीही चुकून.

झालं असं, की मोकाश्यांची नातसून चंद्रा बाळंत झाली. चंद्रा दूरच्या गावची, तिला जुन्या भानगडी काय माहीत? वाकसळची रीत अशी, की बाळाची पहिली कुंची घरातल्या वयानं सगळ्यात थोर माणसाच्या कापडाची करायची, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं. घरात सगळ्यात थोर म्हणजे आजेसासू, बायजा मोकाशीण. सत्तरीला टेकलेली. तिची एक जुनी वाकळ होती. ती म्हातारी कुणाला धुवायला देत नसे, उन्हात घालू देत नसे आणि तिच्यावरून सहसा उठतही नसे. एक दिवस ती परसात उन्हाला बसलेली बघून चंद्रानं वाकळ काढली, मऊ तुकडा मिळावा म्हणून एका बाजूनं उसवली, आणि आतल्या थरात तिला रेशीम लागलं. मातकट झालेलं, चुरगळलेलं, पण रेशीम.

तिनं ते परसात नेऊन विचारलं, "आजी, ह्ये कुनाचं वो?"

म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "माज्या आईचं. जा, ठिव जा आत."

चंद्राला वाटलं, आजीच्या आईचं आयुष्यसुद्धा बाळाला लागेल, मग तर चांगलंच. ती ते घेऊन सरळ ठकूकडे गेली.

ठकूनं तीन प्रश्न विचारले. चंद्रानं ऐकलं होतं तेच सांगितलं. आजेसासूच्या आईचं, बहुतेक लग्नात घातलेलं, आणि जुनं झालं म्हणून टाकलेलं. ठकूनं कापून कुंची शिवली. संध्याकाळपर्यंत शिवण सुटली. दुसऱ्या दिवशी दुहेरी दोरा घेऊन शिवली. दोरा तसाच राहिला आणि कापड त्यातून निसटून बाजूला झालं. ठकूनं चंद्राच्या तोंडाकडे बघितलं. ती पोर खोटं बोलणारी नव्हती. मग खोटं कुठं होतं?

ठकूनं रिठे भिजत घातले आणि ते तुकडे धुतले. एका पाण्यात धूळ निघाली, दुसऱ्यात काळेपणा निघाला, आणि तिसऱ्या पाण्यात डाळिंब फुटावं तसा रंग वर आला. तिनं तुकडा उन्हाकडे धरला. मध्ये बोराएवढं एक भोक होतं, कडेनं करपलेलं. आणि कोपऱ्यात टाके होते. तीन. जवाच्या दाण्यासारखे, एकाशेजारी एक.

ठकू उंबऱ्यावर बसली ती बसलीच. चुलीवरचं कालवण करपलं तरी तिला वास आला नाही. आईनं काम पुरं केलं होतं, आई खरं बोलत होती. पन्नास वर्षं ती जे शोधत होती ते तिच्या ओल्या हातात होतं, आणि तिला हुंदका आवरेना.

आता तुम्ही म्हणाल, तिनं चावडीवर जाऊन बोंब मारायची. मी असतो तर मीही मारली असती. पण शेला वाकळेत कुणी घातला, हे ठकूनं डोळ्यांनी बघितलं नव्हतं, आणि न बघता घेतलेला आळ माणसाचं काय करतो ते तिनं बघितलं होतं. ती चंद्राला एवढंच म्हणाली, "बारशादिवशी बाळाच्या डोईवरच शिवते मी कुंची. सगळ्या बायांम्होरं. आजीबाईंना बी बशीव तितं."

बारशाला गावातल्या बाया जमल्या. मोकाश्यांच्या ज्या पायऱ्यांवरून आईला हुसकलं होतं, त्या पायऱ्या ठकू पन्नास वर्षांनी चढली. तिनं गाठोडं सोडलं आणि डाळिंबी तुकडे मांडीवर पसरले. कोपऱ्यात वाकळेवर बसलेल्या बायजा मोकाशिणीनं ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

अंगावरचा कपडा शिवायचा तर तोंडात गवताची काडी धरतात, हे तुम्हाला ठाऊकच असेल. नाहीतर टाक्याबरोबर माणसाची बुद्धी शिवली जाते. बाळाला काडी धरता येत नाही, तेव्हा शिवणारीनं ती धरायची. ठकूनं काडी दातांत धरली. म्हणजे आता तिला बोलता येणार नव्हतं. जी बाई जन्मभर विचारत आली, ती त्या दिवशी गप्प बसली, आणि तिचे तीन प्रश्न मात्र सगळ्यांच्या कानांत वाजायला लागले.

तिनं कपाळापासून मानेपर्यंत शिवण घातली. शेवटचा टाका पडला आणि पहिला सुटला, मग दुसरा, मग सगळे. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ठकूनं पुन्हा शिवलं. पुन्हा सुटलं. बाळानं भोकाड पसरलं. तिसऱ्यांदा तिनं सुई उचलली, तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला.

"थांब गं."

बायजा मोकाशीण वाकळेवरून उठली होती. "त्यो माज्या आईचा न्हाई. म्हाळसानं शेला दिलता. माज्या ह्या हातांत दिलता, घडी करून. मी नवी सून. लई गोड दिसत हुता, म्हनून खोलीत जाऊन खांद्यावर घेतला. वाकून गोंडं बगाया गेले, तर खाली धुपाटनं हुतं. निखारा उडाला. सासूला काय सांगू? जीव घेतला असता तिनं माजा. म्हनले, शिंपिनीनं दिलाच न्हाई. एकच बोल बोलले बायांनो. तवापास्नं ह्या वाकळंवर निजते, पर झोप म्हनून न्हाई लागली."

बाळ रडायचं थांबलं. ठकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण काडी दातांतच होती. तिनं सुई लावली. असं म्हणतात, की तिनं सुई ओढलीच नाही, सुई आपली आपण चालत गेली. शिवण अशी बसली, की दोन तुकडे कुठं जुळले ते शोधून सापडेना. करपलेलं भोक तिनं झाकलं नाही. ते बाळाच्या कपाळाशी आणून त्याच्याभोवती पिवळ्या दोऱ्यानं गोल फिरवला. सूर्य उगवल्यासारखं दिसत होतं. आणि मग कोपऱ्यात तिनं तीन जव घातले.

काडी काढल्यावर ती पहिलं बोलली ते असं, "ह्या टाक्याला आजपास्नं माज्या आईच्या नावानं हाक मारा. मला बाकी काय नको."

बायजा मोकाशिणीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोकाश्यांच्या घरून एक कोरा खण आला. पन्नास वर्षांत त्या ओसरीवर आलेलं पहिलं नवं कापड! ठकूनं तो उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला आणि हसायला लागली. नव्याला तिनं विचारावं तरी काय? तिनं खण चंद्राला परत दिला आणि म्हणाली, "तूच घाल गं. विटला, फाटला, हसलीस, रडलीस त्यात, की मग आन माज्याकडं."

चंद्रानं तो अकरा वर्षं घातला आणि मग आणला, असं म्हणतात. तेव्हा ठकू अंथरुणाला खिळली होती. तिच्या अंगावरच्या लुगड्याला मूळ कापड असं राहिलंच नव्हतं. गावातल्या प्रत्येक घराचा एक तुकडा जोडून जोडून ते झालं होतं. चंद्रा तिच्या उशाशी बसली आणि एका ठिगळावर बोट ठेवून तिनं विचारलं, "आत्या, ह्ये कुनाचं? कवा घातलं? का टाकलं?" जन्मात ठकूला हे कुणी विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. एका आठवडी बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत ती सांगत होती. शेवटचं ठिगळ संपलं तेव्हा भर दुपार होती, आणि तिथंच तिचा श्वासही संपला.

वड आता एवढा पसरलाय, की मूळ खोड कुठलं ते ओळखू येत नाही. पण वाकसळला बारसं असलं, की अजूनही जुन्या कापडाची कुंची बाळाच्या डोक्यावरच शिवतात. शिवणारी दातांत काडी धरते आणि घरातली सगळ्यात थोर बाई न विचारता तीन उत्तरं देते. शेवटी तीन जव पडतात, आणि जमलेल्या बाया मोठ्यानं म्हणतात, "म्हाळसाचं काम!"

आणखी एक रीत आहे. गावात कुणावर चोरीचा आळ घ्यायचा, तर आळ घेणाऱ्यानं आधी आपल्या घरातली सगळ्यात जुनी वाकळ चारचौघांसमोर उसवायची. कुठं काय लपलंय ते बघायचं, आणि मगच तोंड उघडायचं.

वाकसळला आजवर पुष्कळ वाकळा उसवल्या गेल्या. आळ मात्र त्यानंतर कुणी घेतलेला नाही, असं म्हणतात.