डोळे उघडण्याचा प्रश्न

एकदा एका वृद्ध वैद्य आचार्यांच्या आश्रमात त्यांच्या शिष्याने मोठ्या कौतुकाने एक प्रश्नावली आणली. आश्रमात मन हरवलेली माणसे उपचारासाठी राहत. नदीवरचे धुके तिथे दुपारपर्यंत ओसरीत रेंगाळे, आणि रुग्णांची बोलणीही तशीच, अर्धी स्वप्नातली. त्यांतला दारूच्या आहारी गेलेला कोण आणि नुसता दुःखी कोण, हे भल्याभल्यांना उमगत नसे. प्रश्नावली नेमके तेच ओळखणारी, परदेशातली, नावाजलेली. शिष्याने महिनाभर खपून शब्दाला शब्द ठेवत तिचे मराठी केले होते. तो हुशार होता, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होते.

पहिली परीक्षा एका विणकराची. त्याची बायको त्याला न्यायला आली होती, अंगणात थांबली होती. पण व्यसन सुटले नसेल तर आणखी सहा महिने मुक्काम, असा आश्रमाचा नियम होता.

"एखाद्या सकाळी दारूने तुमचे डोळे उघडले आहेत का?" शिष्याने शेवटचा, सर्वांत मोलाचा प्रश्न विचारला.

विणकराने नजर धुक्याकडे वळवली. "उघडले," तो म्हणाला. "चांगलेच उघडले."

शिष्याने 'मद्यपी' अशी नोंद केली आणि जड मनाने कागद आचार्यांपुढे धरला. आचार्यांनी तो वाचला, विणकराला बोलावले आणि कमरेची किल्ली त्याच्या हाती दिली. "औषधी आसवांच्या कोठीतून द्राक्षासवाची बरणी आण."

शिष्य धास्तावून कोठीकडे पाहू लागला. दारूसारखी चढणारी आसवे, आणि हा माणूस एकटा! पण विणकर लगेच परतला. भरलेली बरणी त्याने खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले.

"आचार्य, हे कसले धाडस?" शिष्य म्हणाला.

"कोणत्या सकाळी डोळे उघडले, ते विचारलेस का त्याला?"

शिष्याने विचारले. विणकर खाली मान घालून म्हणाला, "पोरगी तापानं फणफणली होती, आन् मी गुत्त्यात पडलेलो. सकाळी घरी आलो तर ती गेलेली. तवापासून थेंबाला शिवलो नाही. मन तेवढं ठिकाणावर राहिलं नाही."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आचार्य सौम्यपणे म्हणाले, "तिकडे सकाळच्या पहिल्या घोटालाच 'डोळे उघडणारा' म्हणतात. सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो का, एवढेच मूळ प्रश्नाला विचारायचे आहे. तू शब्द आणलेस, पण आपल्याकडे डोळे उघडतात ते पश्चात्तापाने. तुझ्या प्रश्नाला सावरलेला माणूस 'हो' म्हणेल, आणि पिणारा खुशाल 'नाही' म्हणून सुटेल. बाळ, प्रश्नाने माणसाला तपासायचे, तर आधी माणसांकडून प्रश्न तपासून घ्यावा."

"त्याला आम्ही उतारा म्हणतो, दादा," विणकर हळूच म्हणाला. "रातची उतरवायला सकाळी घेत्यात ती."

शिष्याने जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि अडखळत विचारले, "सकाळी उतारा लागतो का?"

"लागायचा," विणकर म्हणाला.

शिष्य कागद तिथेच ठेवून उठला आणि 'ताई, यांना घरी न्या,' हे सांगायला स्वतःच अंगणात गेला.